जांभळीला टांगलेली टकळी

मित्रांनो, मी एक जुनी टकळी हाय. आदीच सांगून ठेवते, माजं बोलनं गोड न्हाई. गोड ऐकायचं आसंल तर बासरीकडं जावा. मी लोकर कातनारी. फिरनं आन बडबडनं, ह्या दोनच गोष्टी मला येत्यात. त्यातलं फिरनं मदी लई साल बंद पडलं हुतं, म्हनून बडबड जरा जास्त साठलीया.

त्यात मला राग आलाय. कशाचा ते सांगते, पन मुळापासनं सांगते. न्हाईतर तुमी म्हनाल, म्हातारी उगंच खेकसती.

माजा जलम हिर्डोशीचा. वरंध्याच्या घाटाकडं जाताना डोंगराच्या पोटाला भाताची खाचरं दिसत्यात, त्या अंगाचं गाव. ठकुबाई ह्या घरात नवी सून म्हनून आली, तवा तिच्या सासऱ्यानं, भिमानं, मला घडवलं. भिमा मुलखाचा कमी बोलनारा. सुनंला काय द्यावं ते त्येला सुचंना. मंग रानातनं बांबूची एक काडी आनली, चुलीच्या धगीवर शेकून तिचा बाक काडला. घराचं फुटकं कौल दगडावर घासून वाटोळं केलं, मदी भोक पाडलं आन काडीच्या बुडाला ठोकून बसवलं. वरच्या टोकाला धागा अडकवाया खाच कापली. सुनंपुढं मला धरली आन म्हनला, "घे. रिकाम्या हाताला बरी." बास. त्या घरात येवढं बोलनं म्हंजे भाषनच झालं.

ठकुबाई कातायला माहेरासनंच शिकून आल्याली. गुरांच्या मागं चालता चालता ती कातायची. डाव्या मनगटाला पिंजलेल्या लोकरीचा पेळू गुंडाळल्याला, उजव्या हातानं मला एक गिरकी दिली की मी खाली लोंबत गरगर फिरायची. धार काडावी तसा पेळूतनं धागा उतरायचा. वाटंत कोन भेटलं तर तोंड बोलायचं आन हात कातायचा. तिच्या हातातनं मी कदी दगडावर पडली न्हाई. पडली आसती तर हे कौल कवाच फुटलं आसतं.

लोकर कुठली म्हनाल, तर चिमाजीची. चिमाजी खालच्या कोरड्या मुलखातला मेंढपाळ. भाताची सुगी झाली की त्यो मेंढरं घेऊन कोकनात उतरायचा, आन उन्हाळ्यात त्याच वाटंनं माघारी. जाता येता हितल्या खाचरांत मेंढरं बसवायचा. शेताला लेंड्यांचं खत, चिमाजीला भात. ठकुबाई वरनं लोकर मागायची, काळी, दाट, हाताला तेलकट लागनारी. त्येचं सूत कातून विनकराकडं द्यायचं. आन त्या सुताला खळ पायजे म्हंजे पायजे. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, रटरट शिजवायचे आन ती चिकट खळ कुंच्यानं सुताला पाजायची. मंग सूत ताठ हुतं, मागावर तुटत न्हाई. खळ दिली की घोंगडी. न्हाई दिली की नुसतं केसांचं पुंजकं. हे ठकुबाईचं म्हननं. ह्येच्यावर पुढं एक प्रकरन घडलं, म्हनून आत्ताच सांगून ठेवलं.

त्या घोंगड्या पांगरून लोकांनी लावन्या केल्या. हितला पाऊस वरनं पडत न्हाई, आडवा येतो. त्या पावसात वाकून रोप लावायचं तर पाठीवर घोंगडीच पायजे. बायका म्हनायच्या, "ठकूच्या टकळीचं सूत हाय, फाटायचं न्हाई." कवतिक झालं की मला जरा जास्तच फिरायला व्हायचं.

मंग आला पलाष्टिकचा कागद. हलका, स्वस्त, पावसाळा संपला की फेकून द्यायचा. घोंगड्या उंदरांनी खाल्ल्या. चिमाजी एका साली म्हनला, "आक्का, लोकर कोन हातात धरंना. वड्यात टाकून देतो." ठकुबाईनं मला वळचणीला खोचलं. वळचण म्हंजे छप्पराची पागोळ्या गळत्यात ती कड. तितं एक विळा, एक मोडकी फनी, उंदराची पिल्लं आन मी. लई साल ऱ्हायली मी तितं.

ह्येचा राग न्हाई मला. काळ फिरतो, टकळी थांबती. ते म्या सोसलं. माजा राग म्होरला हाय.

गेल्या आखाडात हिर्डोशीच्या फाट्यावर एक गाडी भरून पोरं-पोरी आली. म्होरकी शेफाली. ती भोरातली, आई-बाप दोगं हापिसात. पोरगी मनानं वाईट न्हाई, हे आदीच सांगते, न्हाईतर तुमी तिच्यावर दात खात बसाल. त्यांच्यासंगट रंगीत गुंड्यांची पोती. लाल, गुलाबी, पोपटी, डोळं फुटतील आसलं निळं. फाट्यावर यष्टीचा पत्र्याचा थांबा हाय, त्येच्या शेजारी हनुमंताची चहा-भज्याची टपरी, मागं त्येच्या शेरडांचा गोठा, आन टपरीवर सावली धरून उभी एक जांभळ. त्या जांभळीला ह्यांनी बुंध्यापासनं पार फांद्या फुटत्यात तितवर रंगीत कापड विनून नेसवलं. घसरू नये म्हनून आतनं नायलानची दोरी करकचून आवळली. आन शेवटाला एक पाटी ठोकली. पाटीवर लिवल्यालं, 'पर्यावरणपूरक धागाकला'. पाटी कशानं ठोकली इचारा. खिळ्यांनी. झाडालाच.

आता मला सांगा मित्रांनो, झाडाला कदी थंडी वाजती का? जांभळीला साल दिलीया देवानं. ती वाढती, चिरती, सोलून पडती, नवी येती. तिला सदरा कोनी मागितला हुता?

आन त्या गुंड्यांना दुकानात लोकर म्हनत्यात म्हनं. लोकर. मेंढराच्या अंगाला ती जलमात लागली न्हाई. ती पलाष्टिकच्या कागदाची सख्खी भन. कागदानं मला वळचणीला घातलं, आन आता भन आली माजं नाव लावून.

माजं तितं काय काम, आसं इचाराल. ठकुबाईची सून रत्ना त्या दिशी यष्टीची वाट बघत थांब्यात बसल्याली. शेफालीनं तिला इचारलं, "ताई, घरी एखादी जुनी टकळी, चरखा असं काही आहे का?" रत्ना म्हनली, "हाय की टकळी. पडूनच हाय वळचणीला." आन घरी जाऊन मला घेऊन आली. सासूला इचारलं बी न्हाई. सासूच्या डोळ्याचं आपरेशन झाल्यालं, डोळ्यावर हिरवी पट्टी, ती घरात निजल्याली. शेफालीनं मला हातात घेतलं, उलटी-सुलटी केली.

"किती गोड आहे ही," ती म्हनली. "झाडावर लावू या. परंपरेची आठवण म्हणून."

आठवन मेलेल्याची काडत्यात, बाई. मी जित्ती हुते. पन माजं कोन ऐकतंय. गुलाबी धाग्यानं माजी मान आवळली आन मला जांभळीच्या छातीवर टांगलं. मी, जिच्या धाग्यावर आख्ख्या गावानं पाऊस झेलला, ती पलाष्टिकच्या धाग्याला लोंबकळत शोभंची बाहुली झाली.

ती सगळी फोटू काडून गेली. जाताना झाडाला टाटा केला. माघारी कोन आलं न्हाई.

पावसाळा आख्खा त्या झाडावर काडला म्या. मी कापडाला चिकटून हुते, म्हनून मला आतलं ऐकू यायचं. पानी आत शिरायचं आन भायेर पडायचंच न्हाई. लोकर आसती तर पानी धरून, सुकून, कुजून मोकळी झाली आसती. हे कापड ढिम्म. आत साल भिजली, शेवाळली, मऊ पडली. मंग वास सुटला. मंग किडं आलं. आतनं कुरूकुरू आवाज यायचा, आन वरनं लोक फोटू काडायचे. एक बुलबुल त्यातलं धागं उचलून घरट्यात घेऊन गेली. तिच्या पिल्लाच्या पायाला त्यो धागा आसा बसला, की बाकीची उडाली आन ते तितंच लटकत ऱ्हायलं. त्येच्याखाली हुबं राहून एका जोडप्यानं हासत फोटू काडला. वर बघायचं म्हनून कोनी बघितलं न्हाई.

हनुमंताची मातर भरभराट झाली. घाट बघाया येनाऱ्या गाड्या रंग बघून थांबायच्या. भज्याचा घाना उतरायचा न्हाई. त्येचं बरं झालं, त्येचा मला पोटशूळ न्हाई. पन त्यो रोज सकाळी त्या बुंध्यापाशी दात घासायचा. त्येला वास आला नसंल?

पावसाळ्यानंतर दुसऱ्या डोळ्याचं बी आपरेशन झालं, म्हनून चैतात कुठं ठकुबाई फाट्यापत्तूर आली. भोरात डोळं दाखवाया जायचं हुतं. रत्ना संगं हुती. थांब्यात लोखंडी बाकडं हाय, त्यावर ठकुबाई टेकली आन लगीच उटली.

"आगं बया, तवा हाय का बाकडं?"

"सगळी उभीच ऱ्हात्यात आत्याबाई," रत्ना म्हनली.

म्हनून ठकुबाई सावलीला जांभळीखाली आली. वर बघितलं. नवे डोळे हुते ना, सगळं लख्ख दिसत हुतं.

"रत्ने, ही माजी टकळी."

टपरीतनं हनुमंत म्हनला, "तुमच्या सुनंनंच दिली की काकी. शोभंला."

"शोभंला व्हय. मंग तुजा चहाचा टोप टांग की वर. त्यो बी शोभंल."

तिनं हात लांबवून मला वडलं. गुलाबी धागा तुटंना. रत्नाच्या पिशवीतनं धार लावाया घेतल्याला विळा काडला, धागा कापला, आन कापडाला हाताएवढी फट पडली. त्या फटीतनं ठकुबाईनं बोट घातलं. बोट आत गेलं. सालीला लागून थांबायला पायजे हुतं, ते पेरभर आतच गेलं, भिजल्या भाकरीत जावं तसं. बोट काडून तिनं हुंगलं. मंग मान वर करून फांद्या बघितल्या. बाकीच्या सगळ्या जांभळी मोहरानं भरल्याल्या. हिच्या एकाच फांदीला चार तुरं, बाकी पानं बी पिवळी.

ह्या जांभळीवर रत्नाचं सगळं वरीस टेकल्यालं. दर ज्येष्ठाला ती हितंच बसून पानाच्या द्रोनांत जांभळं इकायची. घरात तिच्या हाताची म्हनावी आशी तेवढीच कमाई, बाकी भात सगळ्यांचा. तिनं बी वर बघितलं, आन तिच्या ध्यानात आलं.

"आनकी एक पावसाळा हे कापड हिच्या आंगावर ऱ्हायलं," ठकुबाई म्हनली, "तर जांभळ उभीच्या उभी वाळंल. हनम्या, काडून टाक हे."

"काकी, मे महिना जाऊ द्या. सुट्टीच्या गाड्या येत्यात. मिरगाला काडू."

"मिरगाला तू भज्याचं पीठ कालवत आसशील."

"झाड रस्त्याकडंचं हाय. तुमच्या बांधावरचं न्हाई."

"आन तुज्या चुलीवरचं हाय व्हय?"

यष्टी आली, थांबली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, यष्टी गेली. ठकुबाई चढली न्हाई. डोळं दाखवायचं ऱ्हायलं. रत्नानं मोबाईल काडून शेफालीला फोन लावला.

रविवारी ती स्कुटीवर आली. तिला वाटलं कवतिकाला बोलावलंय, संगट पेढं आनल्यालं. ठकुबाईनं तिचा हात धरला, फटीत नेला. शेफालीचं बी बोट आत गेलं. तिनं ते काडलं, बोटाकडं बघत ऱ्हायली.

"आजी, आम्ही पाटीवर पर्यावरणपूरक लिहिलं होतं," ती म्हनली.

"आमी वाचलं बाय. झाडाला वाचता येत न्हाई."

शेफाली तिथंच कात्री काडून कापाया निघाली. हनुमंत आडवा आला. "मॅडम, तुमीच लावलं तवा माजी टपरी चालली. आता तुमीच उतरवताय. मी काय खावं, पाटी?"

शेफाली थबकली. त्येचं बी खोटं न्हवतं. आन हनुमंत आडवा पडला तर सगळ्या फाट्यावर भांडान झालं आसतं, सगळी भावकीच की. तवा ठकुबाईला ते तापल्यालं बाकडं आठवलं.

"तुला रंगच पायजे ना? मंग ज्येला कापड लागतं त्येला नेसव. हे बाकडं बघ. म्हातारी-कोतारी यष्टीची वाट बघत उनात उभी ऱ्हात्यात, ह्यावर टेकाया येत न्हाई. त्येला लोकर नेसवू. थांब्याच्या खांबांना बी नेसवू. गाड्या तेवढ्यानं थांबल्या तर जांभळ मोकळी."

"थांबल्या तर," हनुमंत म्हनला.

"थांबल्या तर," ठकुबाई म्हनली.

नशीब बघा, त्याच आठवड्यात चिमाजीची मेंढरं कोकनातनं घाट चढून वर आली. ठकुबाई खाचरात त्येच्यापुढं जाऊन बसली.

"लोकर दे."

"न्या की आक्का. न्हाईतरी मी वड्यात टाकनार, तुमी बाकड्यावर टाका. फरक काय?"

"वड्याला टेकाया येत न्हाई, चिमादा."

त्येनं काळी दिली, तांबूस दिली, थोडी पांढरी बी दिली. रत्नानं सुकवल्याली पळसफुलं उकळून पांढरीला केशरी रंग दिला. आन लई सालांनी ठकुबाईनं मला बोटात धरलं.

काय सांगू. पहिला धागा तुटला. दुसरा तुटला. बोटं वाकडी झाल्याली, माजी चकती वाळवीनं नव्हं पन पावसानं सैल पडल्याली. तिनं दोऱ्याचा वेढा देऊन ती घट्ट केली, हातावर थुकली, परत गिरकी दिली. आन मी फिरली. राग, वास, गुलाबी फास, सगळं इसरून फिरली. ठकुबाईच्या तोंडातनं आपोआप, "हां. आशी," आसं निघालं. मला न्हवं, सोताला म्हनली आसंल. पन म्या माज्यावर घेतलं.

शेफालीनं रत्नाला क्रोशाची सुई धरायला शिकवलं, रत्नानं दोन दिसांत तिला मागं टाकलं. सगळं विनून झालं तवा ठकुबाईनं चुलीवर पातेलं ठेवलं. चिंचोक्याची खळ.

"आजी, खळ कशाला?" शेफाली म्हनली. "हे मागावर थोडंच जाणार आहे."

"खळीबिगर लोकर म्हंजे मिठाबिगर आमटी. तू गप ऱ्हा."

तिनं कुंच्यानं घसघशीत खळ पाजली. कापड उनात वाळून कडक झालं. काळ्यावर केशरी पट्टं, काटाला तांबूस फुलं. बाकड्याला नेसवलं, खांबांना नेसवलं, आतनं सुतळीच्या गाठी मारल्या, कवाबी सुटतील आशा. पहिल्यांदी हिर्डोशीची एक म्हातारी टेकली आन म्हनली, "आता यष्टी नाय आली तरी चालंल." एक गाडी थांबली. हनुमंतानं गाडीकडं बघितलं, बाकड्याकडं बघितलं, आन कढईत भजी सोडली.

दुसऱ्या दिशी ठकुबाई आन रत्ना फाट्यावर आल्या, कापड उतरवायचं म्हनून विळा घेऊन. मी ठकुबाईच्या कमरंला. आन बघत्यात तर थांब्यात हनुमंताची शेरडं. बाकडं उगडं. एक खांब उगडा. दुसऱ्या खांबाची फुलं एका करडाच्या तोंडात.

चिंचोक्याची खळ म्हंजे शेरडाला पेढा. चाटून चाटून, वडून, चावून, थुकून सगळ्याची चिंधी केल्याली. घोंगडी माळ्यावर ऱ्हायची, तितं शेरडं चढत न्हवती. फाट्यावरची गोष्ट निराळी, हे ठकुबाईच्या डोक्यातच आलं न्हाई. आमच्यातल्या कुनाच्याच आलं न्हाई.

"आगं बया," ती म्हनली. "खळ."

हनुमंत टपरीत पोट धरून हासत हुता. "काकी, तुमचं बाकडं खाल्लं शेरडांनी. गाड्या थांबल्या बरं का, दोन थांबल्या. पन रंगाला न्हवं, शेरडांचं शूटिंग घ्याया." खरंच दोन गाड्यांतली मानसं मोबाईल धरून उभी. "आता झाड ऱ्हाऊ द्या. बोली ती बोली."

ठकुबाई बाकड्याच्या कडंला उभी. रत्नानं विळा पदराआड घेतला आन जांभळीकडं बघत ऱ्हायली. वरनं आभाळ भरून आल्यालं, वळवाचं.

पन शेरडाला कुठं ठाऊक बोली काय ते. एकदा धाग्याला गोडी लागली की समदे धागे खायाचेच. हनुमंताची लाडकी पांढरी शेळी, चांदी, जांभळीपाशी गेली, म्होरचे दोन पाय बुंध्यावर ठेवले आन लाल धाग्याचं टोक तोंडात धरून वडलं. माज्या धाग्याला तिनं हिसका दिला आसता तर त्यो तुटला आसता. हाताचं सूत, त्यात दया आसती. ह्यो तुटला न्हाई. दाढंत अडकला. तिनं मान झटकली तशी आनकी सुटला, पायात गेला. घाबरून ती बुंध्याभवती फिरली, एक फेरी, दुसरी फेरी, आन धागा गळ्यात आवळला. तिची जीभ भायेर आली, निळी पडाया लागली.

गाडीवाल्यांचं शूटिंग चालूच. एकानं तर म्हटलं, "थोडं पुढून घे."

हनुमंत कांद्याची सुरी घेऊन धावला. गळ्यापाशी सुरी लावाया जागा न्हाई, धागा मासात रुतल्याला. मंग त्येनं झाडाकडनं कापायला सुरवात केली. लाल कापलं, गुलाबी कापलं, निळं कापलं. रत्ना विळा घेऊन दुसऱ्या अंगानं भिडली. नायलानची दोरी खाडकन तुटली, आन ते आख्खं कापड वरपासनं खालपर्यंत उललं. चांदी भुईवर पडली. खोकली, लोळली, आन उटून लांब जाऊन थरथरत उभी ऱ्हायली.

कापडाबरबर झाडाची साल बी आली. काळा चिखल, पांढरं किडं आन त्यो वास. चहाच्या टोपापत्तूर गेला वास. गाडीतली बाई नाकाला रुमाल लावून गाडीत बसली, दार लावलं, गाड्या गेल्या.

हनुमंत सुरी हातात घेऊन उभा. सालीखाली नायलानचा वळ दिसत हुता, खोल, जांभळीच्या गळ्याभवती. त्येनं तो बघितला, मंग चांदीच्या गळ्याकडं बघितलं. तिथं बी तसाच वळ, तांबडा.

ठकुबाई खाली वाकून धागं गोळा कराया लागली.

"रत्नावैनी," त्यो म्हनला, "विळा द्या हिकडं." वर चढून उरल्यालं सगळं त्येनंच कापलं. पाटी त्येनंच उचकटली, खिळं एक एक करून काडलं. सांजच्याला शेफाली आली, तिनं आन रत्नानं बुंधा खरवडून गेरू लावला. रात्री वळीव पडला, आन पयल्यांदा जांभळीच्या आंगावरनं पानी सरळ भुईत उतरलं.

मित्रांनो, जांभळ जगली. पन आर्धीच. आर्ध्या फांद्या तोडाव्या लागल्या. औंदा एकाच फांदीला जांभळं आली, रत्नाचे द्रोन थोडक्यात आटपले. पयला द्रोन तिनं हनुमंताच्या टपरीवर नेऊन ठेवला. त्यो म्हनला, "मला कशाला?" ती म्हनली, "चांदीला द्या." त्येनं मान खाली घालून सोताच खाल्ला.

बाकड्याला परत लोकर नेसवलीया. बिनखळीची. शेरडं येऊन हुंगत्यात आन तोंड वाकडं करून जात्यात. बसून बसून ती झिजाया लागलीया, कोपऱ्यातनं ठिगळ देऊन झालं. दोन सालांत मातीत जाईल. जाऊ दे. मातीत जायचंच आसतं. मी हाय की, परत कातीन. हनुमंत गाडीवाल्यांना सांगतो, "बसा, तापत न्हाई." गाड्या पयल्यापरास कमी थांबत्यात, पन ज्या थांबत्यात त्या बसत्यात.

आन त्या रंगीत कापडाचं काय झालं म्हनाल? शेफाली पोत्यात भरून भोरला घेऊन गेली. तिच्या गच्चीत पडलंय म्हनं. जाळावं तर काळा धूर, पुरावं तर कुजत न्हाई, नदीत टाकावं तर मासं गिळत्यात. ती रत्नाला फोनवर म्हनली, "ताई, वर्ष झालं, रंग पहिल्या दिवसासारखा आहे." मी जाईन, ठकुबाई जाईल, जांभळ बी एक दिस जाईल, ते पोतं ऱ्हाईल. ह्येचा राग मला अजून आवरत न्हाई, आन आवरायचा बी न्हाई.

रस्त्याकडंला तुमाला काय सजवायचं आसंल तर सजवा. कोन नको म्हनतंय. पन आदी बघा, त्येला ते लागतंय का. गाठ आशी मारा की सुटंल. आन नेसवल्यालं उतरवाया माघारी या. नुसता टाटा करून जाऊ नका, झाडाला हात न्हाईत सोडवून घ्यायला.

माजं म्हनाल तर ही चकती आता फार फिरायची न्हाई. काम सरलं की मला परत वळचणीला खोचा, माजी तक्रार न्हाई. उंदरं बरी, पागोळ्या बी बऱ्या. पन शोभंला म्हनून कुठल्या झाडाच्या गळ्यात मला टांगू नका.